मोजणीदाराची दुर्बीण आणि अकरावीचं गणित

घोड नदीच्या खोऱ्यात त्रिकोणमिती आली ती तीन पायांच्या तिवईवर बसून. तिवईवर पितळी-काळं यंत्र, मागं टोपी घातलेला मोजणीदार, आणि पार पलीकडच्या डोंगरउतारावर रंगवलेली पट्टी धरून उभा असलेला खलाशी. यंत्राचं नाव थिओडोलाइट, पण डिंभ्यापासून वर आहुप्याच्या अंगाला सगळे त्याला दुर्बीणच म्हणायचे. मोजणीदार दुर्बिणीतून बघायचा, हातानं खूण करायचा, खलाशी दोन पावलं वर नाहीतर खाली सरकायचा. मग वहीत आकडे. माणसं बांधावर बसून बघत राहायची. त्यातल्या बऱ्याच जणांना अजून माहीत नव्हतं, की जी खूण दगडावर तांबड्या रंगानं मारली जाते आहे, तिच्या खालचं सगळं पाण्यात जाणार आहे.

त्या तांबड्या खुणांची रेघ डोंगराच्या वळणावळणानं गेली होती. कुठं घराच्या वरून, कुठं खळ्याच्या मधून, कुठं देवळाच्या पायरीला चाटून. दोन सख्ख्या भावांची घरं, एक बुडीतात, एक वर. म्हातारी माणसं विचारायची, "ह्यांनी हितनं बगून तिकडचं पाणी कुटवर यील ते सांगितलंच कसं?" प्रश्न अगदी बरोबर होता. पाणी आलेलं नसताना ते कुठवर येणार हे कोपऱ्यांच्या मापावरून सांगता येतं, आणि ते सांगण्याचं जे शास्त्र, ते आमच्या पोरांना पुढं अकरावी-बारावीला कॉलेजात शिकावं लागलं. ज्या गणितानं आमची शिवारं पाण्याखाली गेली, त्याच गणिताशी पोरांची गाठ पडली. तो इतिहास लिहून ठेवावा असं बरेच दिवस मनात होतं.

आधी धरणाची माहिती थोडक्यात. डिंभे धरण घोड नदीवर आहे. कुकडी प्रकल्पातली पाच धरणं म्हणजे येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे. डिंभ्याच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचं नाव दिलं आहे. बाबू गेनू ह्याच आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. १२ डिसेंबर १९३० ला मुंबईत परदेशी कापडाच्या गाडीपुढं आडवे झाले आणि गेले. धरणाचा उपयुक्त साठा साडेबारा टीएमसीच्या आसपास. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, म्हणजे सुमारे दोन हजार आठशे तीस कोटी लिटर. हे पाणी कालव्यांनी खाली जातं, डावा कालवा येडगावपर्यंत जातो, आणि पुढं कुकडीच्या लाभक्षेत्रात ऊस, कांदा, द्राक्षं उभी राहतात. ज्या आंबेगाव नावानं तालुका ओळखला जातो, ते जुनं आंबेगाव ह्याच पाण्यात गेलं. कचेरी घोडेगावला, नाव आंबेगावचं, आणि आंबेगाव पाण्यात, असा आमचा तालुका आहे.

आता त्या गणिताबद्दल. अमेरिकेतल्या कॉलेजांत 'प्रीकॅल्क्युलस' नावाचा वेगळा विषयच असतो. कलन शिकायच्या आधी जी तयारी लागते, ती सगळी त्यात येते: फलन म्हणजे फंक्शन, आलेख, लॉगॅरिदम, त्रिकोणमिती, श्रेढी, वर्तुळ-परवलय-विवृत्त ह्या शांकव आकृत्या, आणि शेवटी सीमेची कल्पना. आपल्याकडं त्याला वेगळं नाव नाही. १९७० च्या दशकात दहा अधिक दोन अधिक तीन असा आकृतिबंध आला, आणि हा सगळा ऐवज कनिष्ठ महाविद्यालयाच्या दोन वर्षांत जाऊन बसला. तोवर मॅट्रिक झालेली खेड्यातली मुलं थेट पुण्याच्या कॉलेजात जायची. कनिष्ठ महाविद्यालयं झाल्यावर हे गणित मंचर, नारायणगाव, जुन्नर, घोडेगाव अशा एसटीच्या टप्प्यात आलं.

पण आमच्या भागात आकड्यांचा मुक्काम त्याच्या फार आधीचा आहे. जुन्नरहून कोकणात उतरणारा नाणेघाट सगळ्यांना माहीत असतो. जकातीचा दगडी रांजण बघून लोक फोटो काढतात. बाजूच्या लेण्यात सातवाहनांचा ब्राह्मी लिपीतला मोठा लेख आहे, सम्राज्ञी नागनिकेच्या काळचा, दोन हजार वर्षांच्या आसपासचा. यज्ञ किती केले, त्यात दक्षिणा काय दिली, ह्याची त्यात यादी आहे: गाई, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी. भारतातल्या अंकांचा इतिहास लिहिणारे ह्या लेखाशी थांबल्याशिवाय पुढं जात नाहीत, कारण अंकचिन्हांचे फार जुने नमुने त्यात एका जागी सापडतात. त्यात शून्य नाही. हजाराला एक स्वतंत्र चिन्ह आहे, आणि चार हजार लिहायचे तर त्याच चिन्हाला चाराचं चिन्ह जोडलेलं आहे. एकं-दहं-शतमची जागा अजून ठरायची होती. म्हणजे आमच्या शेजारच्या घाटात, बैलांच्या तांड्यावरून जकात वसूल होत होती तेव्हा, हिशोब हजारांत चालला होता, फक्त लिहायची रीत वेगळी होती.

गावगाड्यात जे गणित टिकलं ते तोंडी होतं. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. औट म्हणजे साडेतीन. आमच्या आधीच्या पिढीतली, चौथीसुद्धा न झालेली माणसं बाजारात औटकीनं झटदिशी हिशोब करायची. सतरा औटं किती, तर साडेएकोणसाठ, बोट न मोडता. हे गणित दुकानदारापुढं फसू नये एवढ्यापुरतं होतं आणि त्या कामाला ते पुरेपूर होतं.

जमिनीचं माप इंग्रजांनी बदललं. मुंबई इलाख्याची महसुली मोजणी १८३६ मध्ये पुणे जिल्ह्यातल्याच इंदापूर तालुक्यात नव्या रीतीनं सुरू झाली. गोल्डस्मिड आणि विंगेट ही त्यातली दोन नावं. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा भाग, त्या भागाला आणा म्हणायचं. साखळीच्या चौरसाचा एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एक एकर. तेहतीस गुणिले तेहतीस म्हणजे एक हजार एकोणनव्वद चौरस फूट. आजही सातबारा हातात घेतला की हेच माप पुढं चालतं. ह्या मोजणीला साखळी, काटकोन आणि त्रिकोणाचं क्षेत्रफळ पुरत होतं. डोंगरातल्या तिरक्या जमिनीला मात्र साखळी उतारावर टेकवली तर एक माप येतं आणि आडवी ताणून धरली तर दुसरं. सरकारी माप आडव्याचं असतं. उतार जितका जास्त, तितका फरक जास्त. तो फरक कोनाच्या कोसाइनवर असतो हे जुन्या माणसांना कुणी सांगितलं नव्हतं, पण "कागदावर जमीन कमी भरती" हे त्यांना ठाऊक होतं.

वर आलेले साइन, कोसाइन हे शब्द ऐकले की पोरांना वाटतं हा माल सातासमुद्रापलीकडचा आहे. खरी गोष्ट उलटीच आहे. धनुष्याची दोरी म्हणजे ज्या. वर्तुळाचा कंस म्हणजे धनुष्य आणि त्याची जीवा म्हणजे दोरी, ह्यावरून आपल्या ज्योतिषगणितात 'ज्या' आणि 'कोटिज्या' हे शब्द रूढ झाले. ज्या, जीवा हा शब्द अरबांकडं गेला, तिथं लिहिताना-वाचताना त्याचा दुसराच शब्द झाला, त्या दुसऱ्या शब्दाचं लॅटिनमध्ये भाषांतर झालं 'सायनस', आणि त्याचं साइन होऊन ते आपल्याकडं परत आलं. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये सिद्धांतशिरोमणी लिहिला, त्यात दोन कोनांच्या बेरजेची ज्या कशी काढायची ते आहे. अकरावीला आम्ही 'साइन ए प्लस बी' म्हणून जे सूत्र घोकलं, तेच. त्याच भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी चाळीसगावजवळच्या पाटण इथं मठ काढला. शके ११२८ चा शिलालेख तिथल्या देवळात आहे, आणि मठाला बाजारातून काय द्यायचं तो भाग त्यात जुन्या मराठीत आहे. बाजारकर लावून चालवलेली गणिताची शाळा, आणि तिचा व्यवहार लोकांच्या भाषेत, आठशे वर्षांपूर्वी.

इंग्रजी अमलाच्या सुरुवातीलाही वरच्या गणिताला मराठी वर्ज्य नव्हती. १८२० च्या दशकात मुंबईत कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस ह्यांनी शास्त्रीपंडितांना हाताशी धरून, हटनच्या इंग्रजी पुस्तकांवरून गणिताची मराठी पुस्तकं तयार करवली. इंजिनिअरिंगच्या कामावर जाणारे एतद्देशीय तरुण मराठीत आणि गुजरातीत शिकत होते. पुढं केरो लक्ष्मण छत्रे झाले. नागावचे, पुण्याच्या कॉलेजात गणिताचे प्राध्यापक. त्यांनी १८६० मध्ये 'ग्रहसाधनाची कोष्टकें' मराठीत छापली. लोकमान्य टिळकांना डेक्कन कॉलेजात गणित शिकवलं ते ह्याच केरूनानांनी. पण १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झालं आणि मॅट्रिकपासून वरचा दरवाजा इंग्रजीचा झाला. त्या दरवाजातून गेलेली माणसं कमी हुशार नव्हती. दापोली तालुक्यातल्या मुर्डीसारख्या खेड्यात जन्मलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजला सीनिअर रँग्लर झाले, आणि 'रँग्लर' हा शब्द त्यांच्या नावाला कायमचा चिकटला. मात्र गणित वरच्या मजल्यावर इंग्रजीत आणि तळमजल्यावर मराठीत, ही जी वाटणी झाली ती झाली. स्वातंत्र्यानंतर नागपूरच्या महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळानं पदवीची पुस्तकं मराठीत काढली, पण विज्ञानाच्या वर्गात इंग्रजीच राहिली.

ही वाटणी नेमकी आमच्या पिढीच्या डोक्यावर कशी कोसळली ते सांगतो. धरणाचं काम चालू होतं त्या वर्षांत आम्ही दहावी झालो. कुणी आश्रमशाळेत शिकलेला, कुणी चार मैल चालत हायस्कुलात गेलेला. गणित सगळ्यांचं मराठीत. चल, सहगुणक, छेद, लसावि, वर्गसमीकरण, उन्नत कोन, अवनत कोन. बऱ्यापैकी गुण पडले की घरचे म्हणायचे, "सायन्स घे, इंजिनेर व्हशील. धरणावरचे सायेब बगतोस ना?" धरणावरचा साहेब हाच आमच्या डोळ्यापुढचा शिकलेला माणूस होता. बाळहिरडा गोळा करून विकलेल्या पैशात फी, पास आणि वह्या व्हायच्या. एखाद्या वर्षी हिरड्याला भाव नसला की पुस्तकं जुन्या पोरांकडून. क्लार्क टेबल नावाचं लॉगचं पातळ पुस्तक तर तीन-तीन पोरांच्या हातून आलेलं असायचं, कडा काळ्या पडलेल्या.

अकरावीच्या पहिल्या तासाला सर आले आणि इंग्रजीत सुरू झाले. 'लेट एफ बी अ फंक्शन.' फंक्शन म्हणजे आमच्याकडं कुणाचा तरी साखरपुडा. रेंज म्हणजे फॉरेस्टची रेंज, जिच्या हद्दीवरून रेंजर साहेबाशी रोजची कटकट. रूट म्हणजे एसटीचा. साइन म्हणजे सही. चारही शब्द ओळखीचे, आणि चारही तिथं निरुपयोगी. शेजारी बसलेला पोरगा दबक्या आवाजात विचारायचा, "काय रं, डिनॉमिनेटर म्हंजी?" म्हणजे छेद. छेद त्याला तिसरीपासून येत होता. येणारी गोष्ट न येणाऱ्या नावाखाली समोर आली की माणूस स्वतःलाच ढ समजायला लागतो. दिवाळीनंतर वर्गातले बाक रिकामे व्हायला लागले. बरीच पोरं आर्ट्सला गेली, काही खाली द्राक्षाच्या बागांत कामाला. ह्यातल्या कित्येकांना औटकी तोंडपाठ होती.

जे टिकले ते एका साध्या कारणानं टिकले. कुणीतरी त्यांना मधल्या सुट्टीत, झाडाखाली, मराठीत सांगितलं. आमच्या सरांनीच पुढं ती पद्धत पाडली. फळ्यावर इंग्रजीत लिहायचे, कारण परीक्षा इंग्रजीत, आणि बोलायचे मराठीत. त्यांनी फलन शिकवलं ते धरणावरूनच.

ते म्हणाले, धरणावर एक कोष्टक असतं. एका रकान्यात पाण्याची पातळी, दुसऱ्यात साठा. पातळी सांगा, साठा एकच निघतो. एका पातळीला दोन साठे कधी निघत नाहीत. हेच फंक्शन. पातळी तुम्ही घालायची, साठा ते देणार. जेवढ्या पातळ्या शक्य आहेत, तळापासून पूर्ण भरेपर्यंत, तेवढं डोमेन. जेवढे साठे निघतात ती रेंज. मग त्यांनी आलेख काढला. तो सरळ रेघ नव्हता. तळाशी जवळजवळ आडवा, वर जाईल तसा चढत गेलेला. कारण नदीचं खोरं खाली अरुंद आणि वर पसरट. तळात एक मीटर पाणी चढलं तर साठ्यात फारशी भर नाही, पण भरत आलेल्या धरणात तोच एक मीटर केवढं तरी पाणी घेतो. पुढं कलनात गेल्यावर कळलं, की साठा वाढण्याचा वेग म्हणजे त्या पातळीला पाण्यानं व्यापलेलं क्षेत्रफळ. तेवढं वाक्य समजण्यासाठीच आधीची दोन वर्षं असतात.

ह्याच आलेखात आमच्या खोऱ्याचा एक जुना सवाल लपलेला होता. आमच्या आळीतले एक तात्या होते. त्यांचं भाताचं खाचर बुडीताच्या रेघेच्या जरासं खाली होतं. ते कॉलेजातल्या पोरांना पकडून विचारायचे, "भिंत दोन पुरुस कमी ठिवली आसती तर माझं खाचर वाचलं आसतं का न्हाई? आन् सरकारचं किती पाणी कमी झालं आसतं?" पुढारी ह्यावर भाषण करायचे, तात्यांना आकडा हवा होता.

अकरावीच्या गणितानं त्याचं ढोबळ उत्तर देता येतं. खोरं उलट्या शंकूसारखं आहे असं धरू. तसं ते नसतं, खरा हिशोब मोजणीदाराच्या समतल रेषांवरूनच करावा लागतो, पण अंदाजाला शंकू चालतो. शंकूत पाण्याचं क्षेत्र उंचीच्या वर्गाप्रमाणं वाढतं आणि साठा घनाप्रमाणं. उंची शंभरऐवजी नव्वद केली, तर क्षेत्र उरतं शंभरातलं एक्क्याऐंशी. म्हणजे बुडणाऱ्या जमिनीतली एकोणीस टक्के वाचते. साठा उरतो शंभरातला त्र्याहत्तरच्या आसपास, म्हणजे सत्तावीस टक्के पाणी जातं. उंची निम्मी केली तर जमीन चौथा हिस्साच बुडते, पण पाणीही आठवा हिस्साच मिळतं.

हा हिशोब तात्यांपुढं मांडला तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हंजी वरच्या फुटांतच सगळी गंमत हाय. त्यांचंबी पाणी वरच, आन् आमचीबी जिमीन वरच." एवढं नेमकं वाक्य मी नंतर कुठल्या अहवालात वाचलं नाही. खाचर काही परत आलं नाही. पण भांडण कशाशी आहे ते त्यांना कळलं. हेच जर धरणाच्या आधी, पंचवीस-तीस वर्षं अलीकडं न येता, बैठकीत साहेबांसमोर कुणी गाववाला मांडू शकला असता, तर निदान मोबदल्याची आणि बुडीताच्या काठावरल्या जमिनीची बोलणी वेगळ्या पायावर झाली असती. पाणी उतरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळाच्या जमिनीत पेर करायचा हक्क, जलाशयात मासे धरायचा हक्क, ह्यासाठी आमच्या माणसांना पुढं बरीच वर्षं झगडावं लागलं. त्या झगड्यातसुद्धा मूळ प्रश्न तोच होता: अमुक महिन्यात पातळी कुठं असेल, आणि त्या पातळीला किती जमीन उघडी असेल. पातळी आणि क्षेत्र, पुन्हा फलनच.

दुसरा धडा आम्हाला पूर्वेला मिळाला. नारायणगावपासून जवळ, जुन्नर तालुक्यातल्या खोडदला त्याच दशकात मोठमोठ्या तव्या उभ्या राहत होत्या. प्राध्यापक गोविंद स्वरूप ह्यांच्या पुढाकारानं टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या रेडिओ खगोलभौतिकी केंद्रानं उभारलेली ही जीएमआरटी दुर्बीण. एकूण तीस तव्या, प्रत्येकीचा व्यास पंचेचाळीस मीटर. चौदा मधल्या भागात, बाकीच्या सोळा तीन फाट्यांवर, इंग्रजी वाय अक्षरासारख्या, पंचवीसएक किलोमीटरच्या पसाऱ्यात. एवढा मोठा तवा सबंध पत्र्याचा केला तर वारा त्याला धरून ठेवील आणि खर्चही परवडणार नाही. म्हणून पोलादी दोऱ्यांच्या चौकटीवर बारीक तारांची जाळी ताणली. जाळीतून वारा निघून जातो, पण मीटरच्या हिशोबातली रेडिओ लहर मात्र जाळीला भिंतच समजते आणि परत फिरते.

तव्याचा आकार परवलयाचा. अकरावीला 'वाय स्क्वेअर इज इक्वल टू फोर ए एक्स' घोकताना कुणी विचारलं, की सर हे कशाला, तर आता बोट दाखवायला जागा होती. परवलयाच्या अक्षाला समांतर येणारी प्रत्येक रेघ आपटून एकाच बिंदूतून जाते. त्या बिंदूला नाभी म्हणतात. आकाशातून आलेली क्षीण लहर तव्याच्या सगळ्या अंगानं गोळा होऊन नाभीत येते, आणि तिथं ग्राहक यंत्र बसवलेलं असतं. वर्तुळाचा तवा केला तर सगळ्या रेघा एका बिंदूत येत नाहीत. एवढासा फरक, पण त्यावर सगळं काम उभं आहे. दर वर्षी २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, खोडदला शाळा-कॉलेजांच्या पोरांसाठी प्रदर्शन भरतं. ट्रॅक्स, टेम्पो, एसटी भरून पोरं येतात. कांद्याच्या वावरांच्या मधोमध ती तवी हळूहळू फिरताना बघितलेलं पोरगं 'ए' म्हणजे काय हे परत विसरत नाही.

तिसऱ्या धड्याबद्दल लिहिताना हात जड होतो. ३० जुलै २०१४ ला सकाळी डिंभ्याच्या वरच्या अंगाला माळीण गावावर डोंगर आला. दीडशेहून जास्त माणसं गेली. आमच्यापैकी कुणाचं ना कुणाचं नातं त्या गावात होतंच. का आला, ह्याची कारणं तज्ज्ञांनी मांडली आहेत, त्यात मी शिरत नाही. पण उताराचं साधं गणित प्रत्येक डोंगरातल्या माणसाला यायला हवं, असं त्या दिवसापासून वाटतं. सुट्या मातीचा ढीग घातला तर तो एका ठरावीक कोनापर्यंतच उभा राहतो. त्याहून तिरका केला की घसरतो. त्या कोनाचा टॅन्जंट म्हणजे मातीचं आतल्या आत एकमेकीला धरून ठेवण्याचं माप. मातीत पाणी मुरून दाब वाढला की ते धरणं कमी होतं, उतार मात्र तेवढाच राहतो. काल उभा असलेला उतार म्हणूनच आज, सलग पावसानंतर, उभा राहीलच असं नाही. टॅनचं कोष्टक क्लार्क टेबलात असतंच. ते कशासाठी आहे हे कुणी डोंगराकडं बोट करून सांगायला हवं.

आमचे पूर्वज हे गणित हातानं करत होते. पडकई म्हणजे मिळून उतारावर खाचरं पाडायची रीत. दहा-पंधरा घरं एकत्र येतात, आज ह्याच्या रानात, उद्या त्याच्या. उतार पाच हातांना एक हात चढत असेल, तर पंधरा हात रुंद खाचरासाठी वरच्या आणि खालच्या कडेत तीन हातांचा फरक पडतो. दीड हात वरून खोदायचं, दीड हात खाली भरायचं, म्हणजे माती बाहेरून आणावी लागत नाही आणि उरतही नाही. खाचर पातळीत आलं का, ते पाणी सोडून बघायचं. पाण्याइतकी खरी पातळी कुठलीच नाही. पाचाला एक म्हणजे टॅन शून्य पूर्णांक दोन, कोन अकरा अंशांच्या थोडा वर. जाणत्या माणसाला कोन सांगता येत नव्हता, पण रुंदी किती धरायची ते डोळ्यानं कळत होतं.

आता परिस्थिती बदलली आहे. खालच्या वर्गापासून सेमी-इंग्रजी आली, मोबाइलवर शिकवण्या आल्या, अकरावीला आलेल्या पोराला 'डिनॉमिनेटर' नवा राहिलेला नाही. पण दुसरी अडचण आली आहे. काही पोरांना इंग्रजी शब्द माहीत असतात आणि त्याच्या मागची वस्तू माहीत नसते. स्लोप म्हणजे 'एम' एवढंच ठाऊक. उतार म्हणून विचारलं तर थांबतात. आमचं उलट होतं, वस्तू होती आणि शब्द नव्हता. दोन्ही हातांनी धरल्याशिवाय हे ओझं डोक्यावर चढत नाही. म्हणून आमच्या खोऱ्यातल्या शिकलेल्या पोरांना मी एकच काम सांगतो. सुट्टीत घरी आलात की दहावी-अकरावीच्या चार पोरांना घेऊन धरणाच्या भिंतीकडं जा. पातळीची पट्टी दाखवा. रोजचा आकडा वहीत लिहायला लावा, पावसाळाभर. आणि पाटबंधारे खातं जाहीर करतं तो साठा शेजारच्या रकान्यात. ऑक्टोबरात त्याचा आलेख काढा.

गेल्या दोन पावसाळ्यांत काही पोरांनी हे केलं. त्यातली एक मुलगी बुडीतातल्या घरची आहे, आजी अजून जुन्या गावाची वाट सांगते. तिनं वहीत तिसरा रकाना स्वतःहून घातला. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या गावाची कुठली भिंत, कुठलं जोतं कोणत्या पातळीला उघडं पडतं, ते ती आजीला विचारून लिहिते. आजी म्हणते, "आमची पाण्याची वाट सांगू का? मग पिंपळाचा पार सांगू का?" आणि नात पातळी लिहीत जाते. आत्तापर्यंत तिच्याकडं चौदा नोंदी झाल्या आहेत. बारावीनंतर तिला स्थापत्य अभियांत्रिकीला जायचं आहे.